गुरुवारची गोळी

गोळी घेणं अवघड नाही. पाण्याचा घोट, मान मागं, संपलं. अवघड असतं ते कधी घ्यायची हे ठरवणं. रक्तदाबाची सकाळी, साखरेची जेवणाआधी, जंताची झोपताना, असं जगातल्या बहुतेक गोळ्यांचं ठरून गेलेलं आहे. पण एक गोळी अशी आहे की तिची वेळ ना डॉक्टर ठरवतो ना घड्याळ. ती ठरवतात आपली आई, आपले व्याही, बायकोचा बचत गट आणि शेतीच्या लाइटचं वेळापत्रक. मी कुठल्या गोळीबद्दल बोलतोय हे वाचकाच्या ध्यानात आलं नसेल, तर त्याचं वय अजून पन्नाशीच्या आत आहे. त्यानं सुखानं पुढं वाचावं आणि एवढंच लक्षात ठेवावं की दिवस सगळ्यांवर येतात.

मी बाळासो. वय एक्कावन्न. वडगाव रासाईत घर, घराला लागूनच साडेतीन एकर रान आणि रांजणगावच्या एका कारखान्यात चोवीस वर्षं क्वालिटीला नोकरी. दिवसभर दुसऱ्यांच्या मालात खोट काढायची आणि तिच्यावर लाल चिठ्ठी लावायची, हा माझा धंदा. त्यामुळं दिवाळीनंतर खोट माझ्यातच निघाली तेव्हा ती मान्य करायला मला जरा जास्तच वेळ लागला. पहिल्यांदा झालं, म्हटलं थकवा. दुसऱ्यांदा झालं, म्हटलं थंडी. तिसऱ्यांदा मी बायकोला, सुलक्षणेला म्हणालो, "सध्या शिफ्ट फार हेवी चाललीय." ती "व्हय का" एवढंच म्हणाली आणि कूस बदलली. चौथी वेळ येऊच नये म्हणून मी ओव्हरटाइम मागून घ्यायला लागलो. सुपरवायझरनं माझं कौतुक केलं. पन्नाशीनंतर असा उत्साह फार थोड्यांत दिसतो, म्हणाला.

महिन्याभरानं सुलक्षणेनं आपलं अंथरूण उचललं आणि आईच्या खोलीत नेऊन टाकलं. कारण काय, तर "आत्यांचं गुडघं दुखत्यात, उठताबसता कोणतरी जवळ पायजे." आता माझी आई, पुतळाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, रात्रीतून तीनदा आपल्या पायांनी उठून गोठ्यात जाते आणि म्हशीची विचारपूस करून येते. तिला उठवायला नाही, झोपवायला माणूस लागेल. पण मी सुलक्षणेला अडवलं नाही. खरं सांगतो, आधी सुटल्यासारखं वाटलं. मग आठवड्याभरात फार वाईट वाटायला लागलं. झोपायच्या आधी सुलक्षणा मला अख्ख्या गावाची बातमी सांगायची, कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून माहेरी जाऊन बसली. सत्तावीस वर्षं मी त्या बातम्या ऐकत झोपलो होतो. त्या आता भिंतीपलीकडं आईला मिळत होत्या आणि मला नुसती कुजबुज ऐकू यायची.

त्यात मुदत पडली. आमची एकुलती एक लेक स्नेहल वरवंडला दिलेली आहे. तिला सातवा लागला आणि पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजानं माघाच्या एका शुक्रवारी ती आमच्याकडं येणार असं ठरलं. ती आली की सुलक्षणा तिच्या उशाशी. मग बाळंतपण, मग बारसं, मग शेक-शेगडी, मग बाळाचं रडणं. म्हणजे पाचसहा महिने मला घरात पाणी तापवण्यापलीकडं काही काम राहणार नव्हतं. तोपर्यंत सुलक्षणेला आईच्या खोलीची इतकी सवय लागली असती की ती परत आलीच नसती. मी आजोबा होणार याचा आनंद मला होता. पण आजोबा होण्याच्या आत नवरा म्हणून एकदा पास होणं जरुरीचं होतं.

शिरूरला माझ्या ओळखीचे तीन डॉक्टर आहेत आणि हीच अडचण होती. म्हणून मी नदीपलीकडं दौंडला जायचं ठरवलं. त्यासाठी अर्धा दिवस रजा पाहिजे. आमच्या कंपनीत हल्ली रजा मोबाइलवर टाकावी लागते आणि मोबाइल कारण विचारतो. आजारपण निवडलं तर आजाराचं नाव मागतो. घरगुती निवडलं तर 'तपशील द्या' म्हणतो. मी 'शेती' निवडलं. पाच मिनिटांत ऑफिसातल्या मुलीचा फोन आला. "काका, शेतीत काय काम आहे ते लिहा ना, सिस्टीम पुढं जात नाहीये." मी लिहिलं, 'मोटर दुरुस्ती.' सिस्टीम पुढं गेली.

दौंडच्या दवाखान्यात सात नंबरचं टोकन घेऊन मी रुमाल तोंडावर धरून बसलो. समोर भिंतीवर मूत्रपिंडाचं रंगीत चित्र. शेजारी कोणी तरी येऊन बसलं, त्यानंही तोंडावर रुमाल धरलेला. थोड्या वेळानं आम्ही दोघांनी एकदमच रुमाल काढला. ते माझे व्याही होते. वरवंडचे सोपानराव, स्नेहलचे सासरे, मिशीला पीळ, सोसायटीचे माजी चेअरमन.

"पाव्हणं! तुम्ही हिकडं?" ते म्हणाले.

"गुडघा दाखवायला आलो होतो," मी म्हणालो. "तुम्ही?"

"दात," सोपानराव म्हणाले.

आम्ही दोघंही मूत्रपिंडाकडं बघत बसलो. कंपाउंडरनं "सात नंबर" असा पुकारा केला आणि मी चांगलाच पेचात पडलो. सोपानरावांचा नंबर नऊ. पण ते मुलाकडचे. लग्नात पहिली पंगत त्यांची, पहिला नारळ त्यांचा. मुलीच्या बापानं त्यांच्याआधी आत जायचं म्हणजे मानापमानाचा प्रश्न. मी म्हणालो, "आधी तुम्ही." ते म्हणाले, "छे छे, नंबर तुमचा." मी म्हणालो, "असं कसं, मान तुमचा." ते म्हणाले, "मान कसला त्यात!" आणि आवाज जरा खाली आणून म्हणाले, "ह्या कामात मान नसतो, पाव्हणं." कंपाउंडर ओरडला, "सात न् नऊ, दोघांची तक्रार एकच लिवलीय, दोघं बी आत जा की!" अख्ख्या दवाखान्यानं आमच्याकडं पाहिलं. गुडघा आणि दात ही एकच तक्रार कशी, असा प्रश्न कोणी विचारला नाही.

डॉक्टर तरुण आणि समजूतदार होते. रक्तदाब बघितला, छातीत दुखण्याची कुठली गोळी चालू नाही ना हे दोनदा विचारलं, रक्त तपासायला घेतलं आणि म्हणाले, "या वयात होतं. चार गोळ्या देतो. एका दिवसात एकच. साधारण तासभर आधी घ्या, पोट हलकं ठेवा. मटण, तळलेलं खाल्लं तर गोळी उशिरा लागते, कधी लागतच नाही. चेहरा लाल होईल, नाक चोंदेल, घाबरू नका. आणि हे काही बटण नाही. मनात असेल तरच उपयोग, नुसती गोळी काही करत नाही. घरी सांगितलंय ना? घरी सांगा." सगळं मी डायरीत लिहून घेतलं. शेवटचं वाक्य तेवढं लिहून घेतलं नाही.

घरी येऊन मी कारखान्यात करतो तसा तक्ता केला. रात्र बाद, कारण भिंतीपलीकडं आई. मला सुट्टी गुरुवारची. आई दर गुरुवारी तीन ते पाच देवळात भजनाला जाते, अडीचला घर सोडते. म्हणजे दोन वाजता गोळी, तीन वाजता घर रिकामं. स्नेहल यायच्या आत गुरुवार चार, गोळ्या चार. असं नियोजन आमच्या प्लॅनिंगच्या साहेबांनाही कधी जमलं नसेल. गोळ्यांची पट्टी मी ड्युटीच्या बॅगेत, कानात घालायच्या बुचांच्या खणात ठेवली.

तरी एकदा जाणत्याचा सल्ला घ्यावा म्हणून मी हौसरावाला गाठलं. हौसराव माझा बांधभाऊ, विहीर आमची सामाईक.

"कंपनीतल्या एका मित्राचा प्रॉब्लेम आहे," मी सुरुवात केली आणि सगळं सांगितलं.

"वय काय मित्राचं?"

"असेल पन्नास-एक्कावन्न."

"घरी कोण कोण?"

"आई, बायको. मुलगी दिलेली आहे."

"वरवंडला?" हौसरावानं विचारलं.

मी विहिरीत बघायला लागलो. हौसराव जुना माणूस, त्यानं पुढं छेडलं नाही. "मित्राला सांग," तो म्हणाला, "अमुशा टाळायची. शनवार टाळायचा. दुधात खारका घालून प्यायच्या. आन् गुरवार तर आजिबात नगं, दत्ताचा वार हाय."

आता तोच वार तेवढा उरला होता, त्याला मी काय करणार? देवघरात जाऊन दत्ताच्या फोटोपुढं उभा राहिलो, कारण न सांगता क्षमा मागितली आणि कामाला लागलो.

पहिला गुरुवार. सकाळपासून मी अर्धी भाकरी आणि ताक यांवर होतो. दोनला गोळी घेतली. अडीचला आई टाळ घेऊन गेली. पावणेतीनला मी केस विंचरून, अत्तराचा बोळा कानात घालून बसलो. सुलक्षणा अंगणात होती. मी हाक मारणार, एवढ्यात बायकांचा घोळका दारातून आत आला. सुलक्षणा बचत गटाची अध्यक्ष आहे. बँकेच्या साहेबांनी गटाची तपासणी अचानक आजच ठेवली होती आणि सतरंजी आमच्याच घरात पडली. मी आतल्या खोलीत अडकलो. वाटलं, निदान इथं तरी सुरक्षित आहे. तेवढ्यात साहेबांचा आवाज आला, "अध्यक्षांच्या मिस्टरांची सही लागेल. जामीनदार आहेत ना ते? बोलवा."

मी बाहेर आलो. खबरदारी म्हणून पोटाशी उशी धरली होती. वास्तविक तिची गरज नव्हती. मनात असल्याशिवाय गोळी काही करत नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. बँकेचे साहेब, त्यांची जाडजूड वही आणि अकरा बायका समोर असताना मनात काय येणार? पण तोंड लालबुंद झालं होतं आणि नाक बंद.

"तुम्हाला बीपी आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही, सर्दी," मी म्हणालो.

"न्हाई वो, लाजल्यात," नकुशी नावाची गटाची खजिनदार म्हणाली आणि अकराच्या अकरा बायका हसल्या. सुलक्षणा तेवढी हसली नाही. ती माझ्या कानातल्या अत्तराच्या बोळ्याकडं बघत होती. साहेबांनी शेवटी सगळ्यांचा फोटो काढून वर पाठवला. त्यात मी मधोमध आहे, उशीसकट. बँकेच्या मुख्य कार्यालयात महिला सक्षमीकरणाच्या फायलीत तो आज असणार.

दुसरा गुरुवार. दोनला गोळी. सव्वादोनला दारात गाडी थांबली आणि सोपानराव उतरले. स्नेहलला कुठल्या वेळेला आणायचं ते ठरवायला आले होते. हे काम फोनवर होतं, पण व्याह्यानं फोन करायचा नसतो, यायचं असतं. मी हात जोडून पुढं झालो. सोपानरावांनी माझ्या लाल तोंडाकडं पाहिलं, चोंदलेल्या नाकातून आलेलं "या बसा" ऐकलं, आणि या माणसाची जाण अशी की, चप्पल काढायच्या आधीच माझ्या कानाशी लागून म्हणाले, "कवा घेतली?"

"पंधरा मिनिटं झाली," मी पुटपुटलो.

"आरारारा!" सोपानराव कळवळले. एका जखमीनं दुसऱ्याला बघून कळवळावं तसे. "मी निघतो. ह्या पावली निघतो. विहीणबाय, येतो मी, काम झालं."

पण सुलक्षणेनं वाट अडवली. "आसं कसं? लेकीचं सासरं दारातनं माघारी जाणार? आमची काय इज्जत हाय का न्हाई?"

"पोट भरल्यालं हाय माझं."

"मग मोकळं हुईस्तोवर बसा. मटण टाकते, गुरवार आत्याच पाळत्यात."

सोपानरावांनी त्या दिवशी माझ्यासाठी जे केलं ते सख्ख्या भावानं केलं नसतं. त्यांनी म्हटलं आज उपास आहे. सुलक्षणा म्हणाली, तुमचा उपास सोमवारचा असतो, स्नेहलनं सांगितलंय. त्यांनी म्हटलं दात दुखतोय. ती म्हणाली, मऊ शिजवते. त्यांनी म्हटलं मयताला जायचंय. तिनं विचारलं, कोण गेलं? सोपानरावांना घाईत माणूस सुचला नाही. शेवटी पाट मांडले गेले आणि व्याही जेवत असताना यजमानानं बाजूला उपाशी बसायचं ही आमच्याकडं रीत नाही. तर्रीचा लाल थर, त्यात बुडालेली भाकरी, वर "घ्या की, आमच्या हातचं गोड लागत न्हाई का?" दोन वाट्या रस्सा पोटात गेल्यावर मी गोळीचा मनातल्या मनात दहावा घातला. सोपानराव मान खाली घालून म्हणाले, "माफी करा, पाव्हणं." सुलक्षणेला वाटलं ते मीठ मागताहेत. तिनं मीठ वाढलं.

तिसऱ्या गुरुवारी मी दाराला आतून कडी घातली. बचत गट नाही, व्याही नाहीत, लाइटच्या वेळापत्रकाप्रमाणं शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रपाळीला. दोनला गोळी, अडीचला आई बाहेर. पावणेतीनला माझा मोबाइल वाजला. आमच्या विहिरीच्या मोटरला हल्ली मोबाइलचा स्टार्टर आहे, लाइट आली की तो फोन करतो. पलीकडून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "आपली मोटर चालू झाली आहे." एरवी मी हसलो असतो.

वेळापत्रक आयत्या वेळी बदललं होतं. पाण्याची पाळी खरं तर हौसरावाची, म्हणून मी निश्चिंत होतो. तेवढ्यात हौसराव बांधावरून ओरडला, "बाळासो, माझी पाळी आज तू घे! लेक येणार तुझी, कामं उरकून घे!" माणसानं माणसावर उपकार करावेत, पण विचारून करावेत. सुलक्षणा कडी काढून, पदर खोचून, खोरं घेऊन निघालीसुद्धा.

"अगं, राहू दे ना आज," मी म्हणालो. "बस जरा. बोलत बसू."

ती थांबली. माझ्याकडं नवलानं बघितलं. एक क्षण वाटलं, बसेल. "कांदा वाळतोय," ती म्हणाली आणि गेली. मीही मागोमाग गेलो. पाच वाजेपर्यंत आम्ही दोघं एकाच वावरात दारं मोडत होतो, म्हणजे एका वाफ्याचं पाणी अडवून दुसऱ्यात सोडत होतो. ती या टोकाला, मी त्या टोकाला, मध्ये कांद्याचे चाळीस वाफे. गोळीमुळं की उन्हामुळं, डोकं ठणकत होतं. "मित्राला काय गुण आला का?" असं हौसरावानं पलीकडून विचारलं. मी खोऱ्यानं इतकं जोरात ढेकूळ फोडलं की तो घरी निघून गेला.

चौथा गुरुवार. दुसऱ्या दिवशी स्नेहल येणार. मी दोन वाजता बॅगेचा खण उघडला. बुचं होती, पट्टी नव्हती. सगळी बॅग उलटी केली. डबा, रुमाल, गेटपास, पट्टी नाही. अडीचला आई भजनाला गेली. पावणेतीनला सुलक्षणा खोलीत आली, दार लोटलं आणि पदरातून पट्टी काढून पलंगावर ठेवली. तीन घरं फुटलेली, एक भरलेलं.

"ह्या कसल्या गोळ्या हायत ते मला समजलंय," ती म्हणाली. "मेडिकलवाल्या सत्यजीतला नुसतं नाव इचारलं, तर पोरगं जमिनीकडं बघाय लागलं. मला यवढंच सांगा, तीन कुठं गेल्या?"

मी उलटी केलेली बॅग परत भरायला लागलो.

"घरात तर एकबी लागली न्हाई," ती म्हणाली. "दिवाळीपासनं तुम्ही माझ्याजवळ न्हाई. ओव्हरटाइम मागून घेता. कानात अत्तराचा बोळा घालता. गोळ्या कंपनीच्या बॅगंत लपवता. मी काय येडी हाय? रांजणगावात कोण हाय, नाव सांगा. उद्या लेक यायच्या आत सांगा. मी तिला घिऊन माझ्या माहेराला जाते, तिचं बाळंतपण तिकडं करते."

चोवीस वर्षं क्वालिटीला असलेल्या माणसाला त्या क्षणी समजलं की पुरावा किती वाईट दिसू शकतो. माल गेला आहे, वापरल्याची घरात नोंद नाही. मीच तपासणीला असतो तर मीही लाल चिठ्ठी लावली असती. इज्जत वाचवायची म्हणून चार महिने गप्प बसलो होतो आणि आता त्याच गप्प बसण्यापायी संसार चालला होता. आता इज्जत ठेवून भागणार नव्हतं.

"पहिली बँकेच्या साहेबांपायी गेली," मी म्हणालो.

"काय?"

"दुसरी मटणात गेली. तिसरी कांद्यात."

"बनवू नका मला."

मग मी पलंगाच्या कडेला बसलो आणि सगळं सांगितलं. थकवा आणि थंडीपासून सुरुवात केली. थकवा नव्हता आणि थंडीही नव्हती, मीच घाबरलो होतो, हे सांगितलं. रजेत मोटर दुरुस्ती लिहिली ते सांगितलं. मूत्रपिंडाचं चित्र सांगितलं, गुडघा आणि दात सांगितलं. ती भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, सरकारी वकिलासारखी ऐकत होती.

"म्हणून तवा तोंड लाल झालतं?" तिनं विचारलं.

"म्हणून."

"आन् उशी?"

"खबरदारी."

तिच्या ओठाचा कोपरा हलला. पण तिनं तो आवरला. "मग सोपानदादा तसं पळून का जायाला लागलं हुतं?"

"त्यांना माहीत होतं."

"त्यांना कसं म्हाईत?"

मी नुसतं तिच्याकडं बघितलं. सुलक्षणेनं तोंडावर पदर धरला. "अगं आई गं," ती म्हणाली, "आन् मी त्यांना तिसऱ्यांदा रस्सा वाढला!" मग ती खाली बसली. बसली ती बसली, आणि हसायला लागली. भिंतीला डोकं टेकून, डोळ्यांतून पाणी काढत. थांबायची आणि "मयत कुणाचं ते बी सुचंना वो त्यांना" म्हणून पुन्हा सुरू व्हायची. मीही हसायला लागलो. चार महिन्यांत त्या खोलीत कोणी हसलं नव्हतं. तेवढ्यात मोबाइल वाजला, तीच गोड आवाजाची बाई. मी उठायला लागलो तर सुलक्षणेनं माझी बाही धरली. "व्हावू द्या पाणी," ती म्हणाली.

हसू ओसरल्यावर ती रडायला लागली. "मला वाटलं मीच उतरले तुमच्या मनातनं," ती म्हणाली. "दिवाळीची जांभळी साडी नेसले, केस काळं केलं, समोर येऊन उभी ऱ्हायले. तुम्ही काय म्हणलात? कांदा किती गेला म्हणलात. अंथरूण नेलं ते तुम्ही परत आणायला यावं म्हणून. तुम्ही एक डाव बी आला न्हाई."

मला फार लाज वाटली. ज्या गोष्टीची चार महिने वाटत होती तिची नव्हे, या गोष्टीची. "चुकलं माझं," मी म्हणालो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, हे वाक्य मी घरात पहिल्यांदाच वापरलं.

"दोघांच्या कामाची येळ एकट्यानंच ठरवत बसला," ती नाक पुसत म्हणाली. "मला इचारलं आसतं तर गटाची बैठक नकुशीच्या घरी लावली आसती. आत्यांना दोन दिस नणंदबाईंकडं धाडलं आसतं. मटण तरी टाकलं नसतं!"

मी पलंगावरच्या पट्टीकडं बघितलं. घड्याळात सव्वातीन झाले होते. "आज?" मी हळूच विचारलं.

"आज न्हाई. आज मला चार म्हैन्याचं बोलायचं हाय," ती म्हणाली. तिनं पट्टी उचलून आपल्या कमरेच्या पिशवीत ठेवली, नाडी आवळली आणि मोबाइल हातात घेतला.

"स्नेहल? आगं, उद्या नगं येऊ. पुढच्या शुक्रवारी ये."

"का गं आई? बॅग भरली की मी."

"आसू दे भरल्याली, कापडं काय नासत न्हाईत."

"आजीला बरं नाही का?"

"आजी ठणठणीत हाय. मला न् तुझ्या बापाला काम हाय."

"कसलं काम?"

सुलक्षणेनं माझ्याकडं पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला. "घ्या, सांगा," ती म्हणाली. "लय लपवलं."

"पप्पा, खरं सांगा, काय झालंय?" पलीकडून स्नेहल घाबरून विचारत होती. सर्दी, मोटर, पाळी, सगळी कारणं एकेक करून समोरून गेली. मी एकही घेतलं नाही.

"काळजीचं काही नाही, बाळा," मी म्हणालो. "मी चार महिने तुझ्या आईशी धड बोललोच नव्हतो. आठवडाभर आम्ही दोघं जरा एकमेकांसाठी ठेवतोय."

पलीकडं पोरगी एवढी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "आठवडा पुरंल का?" ती म्हणाली. "पंधरा दिवस घ्या की, पप्पा!"

सुलक्षणेनं फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि बंद केला.

"पुरतोय," ती म्हणाली. "गोळी एकच हाय."